चांदीची पट्टी : केव्हा हवी, केव्हा नको?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आम्ही शाळेची प्रथमोपचार पेटी तपासतो. यंदा एका पालकांनी पेटीसाठी चांदीयुक्त मलम आणि चांदीच्या पट्ट्या देऊ केल्या. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाचा हात भुईनळ्याने भाजला होता, आणि डॉक्टरांनी अशाच पट्टीने तो बरा केला होता. देणगी मनापासूनची होती. म्हणून होकार-नकार कळवण्याआधी आम्ही या विषयाची माहिती मिळवली. ती विद्यार्थी, पालक व विश्वस्त यांच्यापुढे ठेवत आहोत.

प्रथम, चांदी जंतूंना कशी मारते ते पाहू. नुसती चकाकणारी चांदी फारसे काही करत नाही. जखमेतील ओलावा लागला की तिच्यातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटतात. हे आयन जंतूच्या आवरणाला इजा करतात, आत शिरून गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात आणि त्याचे काम बंद पाडतात. घाव एकाच वेळी अनेक ठिकाणी बसत असल्याने जंतूंना चांदीविरुद्ध टिकाव धरणे अवघड जाते. पण अशक्य नाही. अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला दाद न देणारे जंतू सापडल्याची नोंद १९७५ सालीच झाली आहे.

भाजलेली त्वचा म्हणजे तटबंदी ढासळलेला किल्ला. जंतू सहज आत शिरतात, आणि मोठ्या भाजण्यात जिवाला खरा धोका त्यांचाच असतो. १९६५ साली अमेरिकेतील डॉ. कार्ल मॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेल्या पट्ट्यांचा उपयोग प्रसिद्ध केला. १९६८ साली डॉ. चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम पुढे आणले. अनेकांच्या घरी असणारे भाजल्यावरचे पांढरे मलम ते हेच. पुढे अतिसूक्ष्म चांदीचा थर दिलेल्या पट्ट्या आल्या. त्यांतून आयन काही दिवस सुटत राहतात. त्यामुळे पट्टी रोज बदलण्याच्या वेदना वाचतात.

मग ही पट्टी प्रत्येक जखमेला का लावू नये? जंतू मारणे आणि जखम भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ साली ब्रिटनमध्ये पायाच्या चिघळलेल्या व्रणांच्या २१३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. चांदीची पट्टी आणि साधी पट्टी यांत १२ आठवड्यांनंतर व्रण भरण्यात विशेष फरक दिसला नाही. २०१० साली कॉक्रेन या संस्थेने २६ चाचण्या एकत्र तपासल्या. चांदीमुळे जखम लवकर भरते किंवा जंतुसंसर्ग टळतो, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा मिळाला नाही. मलमाबाबत तर काही चाचण्यांत जखम उशिरा भरल्याचे आढळले. चांदी जंतूंप्रमाणे नव्याने वाढणाऱ्या त्वचेच्या पेशींनाही त्रास देऊ शकते, हे त्याचे एक कारण मानतात.

म्हणून संसर्ग झालेल्या किंवा होण्याची मोठी भीती असलेल्या जखमेवर डॉक्टर चांदी ठरावीक काळ वापरतात आणि साधारण दोन आठवड्यांनी फेरविचार करतात. स्वच्छ, लहान जखमेला तिची गरज नसते. शिवाय पांढऱ्या मलमाने भाजलेला भाग झाकला की तो किती खोल भाजला आहे हे डॉक्टरांना नीट दिसत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना आणि दोन महिन्यांच्या आतील बाळांना तर हे मलम लावूच नये.

तेव्हा त्या पालकांचे आभार मानून आम्ही सुचवले आहे, की त्या रकमेतून निर्जंतुक गॉज, न चिकटणाऱ्या साध्या पट्ट्या आणि मैदानाजवळ एक जादा नळ द्यावा. कारण भाजल्यावर पहिले औषध पाणीच. भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ पट्टीने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यावे. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा मूल लहान असेल तर मुळीच वेळ दवडू नये.

मुलांनो, फटाके उडवताना पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवा. चांदी लावायची की नाही ते डॉक्टर ठरवतील; पाणी मात्र तुम्हालाच लगेच ओतायचे आहे.