आत्याचा संगणक आणि साडेचार हजारांचा प्रोसेसर

'कंपू' म्हटलं की आपल्याला कट्ट्यावरचं टोळकं आठवतं. माझं घर मात्र खरोखरच कंपूत आहे, ग्वाल्हेरच्या. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला, त्यावरून शहराच्या या भागाला लष्कर म्हणतात. शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तुकडीला कंपू म्हणत. फौज गेली, नाव राहिलं. आता इथे गजराराजा मेडिकल कॉलेज आहे, जयारोग्य हॉस्पिटल आहे आणि त्यांच्या आसऱ्याने चालणारी झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगची कामं.

त्यातलंच एक काम माझी आत्या घरी करते. एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वर्डमध्ये नीट बसवून देते, आणि इथल्या मराठी घरांच्या मुंजी-लग्नाच्या पत्रिका कोरलड्रॉमध्ये करते. तिचा संगणक २०१४ चा. गेल्या वर्षी ऐन प्रबंध द्यायच्या आठवड्यात तो इतका रेंगाळला की एक मुलगा अर्धं काम उचलून दुसरीकडे गेला. ते तिच्या मनाला फार लागलंय. या दिवाळीत मी घरी पोचलो, अजून बूटही काढले नव्हते, तोच तिने विचारलं, "अरे, दुकानवाला म्हणतोय, 'दीदी, प्रोसेसर बदलवा लो, मक्खन चलेगा.' साडेचार हजार. देऊ का?"

पोस्टातल्या आरडीचे नऊ हजार नुकतेच तिच्या हातात आले होते. त्यातले निम्मे जाणार. आणि मी मुंबईत शिकतो, म्हणजे मला कळत असणारच, असा तिचा ठाम समज.

खरं सांगायचं तर मी लगेच "दे" म्हणणार होतो. तिच्याकडे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ ४१३० होता, दुकानदार त्याच पिढीचा जुना आय-७ ४७७० देत होता. तीनाचे सात होणार! शिवाय कोअर दोनाचे चार. पण 'देऊ का' याचं उत्तर द्यायचं तर आधी विचारायला हवं होतं, की संगणक नक्की कशासाठी थांबतोय?

ते बघायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मी आत्याला म्हटलं, तू रोजच्यासारखं काम कर, मी शेजारी बसतो. तिने दोनशे पानांचा, आलेख आणि एक्स-रेच्या फोटोंनी भरलेला प्रबंध उघडला. प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर आणि डिस्क सरळ शंभरावर. म्हणजे प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसलेला, डिस्क कधी पान देते याची वाट बघत.

याचं कारण यंत्रातच आहे. साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, सुमारे ४ मिलिसेकंद. त्याआधी सुई त्या पट्ट्यावर न्यायची, त्याला आणखी आठ-नऊ. इकडचा तुकडा, तिकडचा तुकडा असं वाचायचं तर सेकंदाला शंभरच्या आत-बाहेर वाचनं होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिथे हीच वाचनं हजारोंनी होतात. त्यात आत्याच्या मशीनला रॅम फक्त ४ जीबी. प्रबंध, ब्राउझर आणि कोरल एकदम उघडलं की रॅम भरते, आणि विंडोज उरलेलं सामान त्याच संथ डिस्कवर नेऊन ठेवतं, पुन्हा आणतं. अशा संगणकात कितीही भारी प्रोसेसर बसवा, तो फक्त जास्त वेगाने वाट बघेल.

इथे एक फसवा आकडा मात्र ओळखायला हवा. प्रोसेसर पंचवीस टक्के दिसला म्हणजे तो नेहमी मोकळाच असतो असं नाही. या आय-३ मध्ये कोअर दोन, पण विंडोजला ते चार दिसतात. एखादं काम एकाच धाग्यात चालत असेल, तर चारांतला एक पूर्ण दमलेला आणि तीन रिकामे, असं होऊन एकूण बेरीज पंचवीसच येते. म्हणून आलेखावर उजवी क्लिक करून चारही वेगवेगळे बघायचे. प्रबंधाच्या वेळी चारही शांत होते. आत्याने कोरलमधून पत्रिकेची पीडीएफ काढली, तेव्हा मात्र एकच आलेख वर गेला आणि तिथेच चिकटला.

मग तिथे तरी आय-७ चा फायदा होईल ना? होईल, पण किती? एकाच धाग्याच्या कामाला कोअर किती आहेत याचं काही देणंघेणं नसतं, एका कोअरचा वेग महत्त्वाचा. जुन्याचा वेग ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा जास्तीत जास्त ३.९. पिढी एकच, त्यामुळे फरक साधारण पंधरा टक्क्यांचा. मिनिटाचं काम बावन्न-त्रेपन्न सेकंदांत.

जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हा मुद्दा मांडला होता. समजा, दहा मिनिटांच्या कामातली चार मिनिटं एकामागून एकच करावी लागतात, आणि सहा मिनिटांचं वाटून देता येतं. दोघांत वाटलं तर एकूण सात मिनिटं, चौघांत साडेपाच. अख्खी पलटण लावली तरी चार मिनिटांच्या खाली येणार नाही. दिवाळीचे लाडू वळायला चार जणी बसतात, पण पाक एकाच कढईत व्हायचा असतो. (आत्याला हे उदाहरण पटलं. अ‍ॅमडालचं नाव तिने सोडून दिलं.)

प्रोसेसर खरोखर घाम गाळतो असं तिचं एकच काम निघालं. महिन्यातून एखाद्या वेळी कोणीतरी जुनी छापील मराठी पोथी किंवा कुलवृत्तांत स्कॅन करून आणतं, आणि तिला त्याचा मजकूर करून हवा असतो. त्यासाठी ती टेसरॅक्ट वापरते. तेव्हा चारही आलेख छताला टेकतात. हे काम आय-७ वर नक्कीच बरंच लवकर झालं असतं. पण महिन्यातून एकदाच्या कामासाठी साडेचार हजार?

आणि समजा दिलेच, तर ते बसणार कुठे? तिच्या बोर्डाची खोबण चौथ्या पिढीची. त्यात आणखी पुढचं काही बसत नाही, रॅमही डीडीआर-३ चीच. वर, १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधीच, विंडोज १० ची नेहमीची मदत बंद झाली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आय-३ काढून आय-७ घातला तरी दार बंदच. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ती नोंदणी मी तिथेच करून टाकली. पण 'पुढची पाच वर्षं बघायला नको' हे दुकानदाराचं बोलणं तिथेच संपलं.

नावातल्या आकड्याला आपण उगाच भुलतो. २०१३ च्या आय-७ ४७७० ला चार कोअर, आठ धागे. २०२२ च्या आय-३ १२१०० लाही तेवढेच, आणि त्याचा एकेक कोअर कितीतरी चपळ. पण त्याला बोर्ड नवा, रॅम नवी. म्हणजे तो नुसता प्रोसेसर नाही, जवळजवळ नवा संगणकच.

प्रोसेसर बदलणं नेहमीच वाया जातं, असं मात्र मी म्हणत नाही. आमच्या मंडळातला एक मित्र लघुपटांचं संकलन करतो. त्याच्याकडे एएमडीचा २०१८ चा रायझन ३ २२००जी आहे, बी-४५० बोर्डावर. त्याच बोर्डाचं बायोस अद्ययावत केलं की सहा कोअरचा रायझन ५ ५६०० बसतो, आणि व्हिडिओ बाहेर काढताना सगळे कोअर कामाला लागतात. त्याला मी बदल म्हणूनच सांगितलं. फक्त एक खाच आहे. २२००जी मध्ये चित्र दाखवायची सोय आतच असते, ५६०० मध्ये नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एवढा खर्च करून समोर काळा पडदा. त्याने ५६००जी घ्यावा.

शेवटी आत्याने २५६ जीबीची एसएसडी आणि ८ जीबीची जुनी रॅम घेतली, दोन्ही मिळून सत्तावीसशे रुपये. दुकानदार जरा हिरमुसला, पण जोडून त्यानेच दिलं. पंखा काढला तेव्हा आतून धुळीची गादीच निघाली, आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. तीही बदलली. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि फार तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. उन्हाळ्यातलं निम्मं रेंगाळणं कदाचित त्या गादीचंच असेल.

आधी संगणक सुरू करून वर्ड उघडेपर्यंत चार मिनिटं जायची, आता चाळीस सेकंद. पत्रिकेच्या पीडीएफला पूर्वीइतकाच वेळ लागतो. उरलेले त्रेसष्टशे तिने परत पोस्टात टाकले, पुढच्या वर्षी अख्खा संगणकच घ्यावा लागेल म्हणून. आणि पोथी आली की रात्री जेवणं झाल्यावर टेसरॅक्ट सुरू करून ती झोपायला जाते. सकाळी दूधवाल्याने हाक मारेपर्यंत पानं तयार असतात.