शस्त्रपरवान्यांचे दप्तर कोणाचे?

बंदुकीचा परवाना ही घेणाराची खाजगी बाब आहे की देणाराचे सरकारी कृत्य आहे, हा प्रश्न आज विचारार्थ घेण्याचे कारण उघड आहे. नोव्हेंबर २०२५ पासून माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक महत्त्वाचे कलम बदलले असून, त्या बदलाच्या आडोशास शस्त्रपरवान्यांचे सगळे दप्तर बंद होण्याचा संभव आहे. बंद दप्तराचे दुःख काय असते हे पारनेर तालुक्यास नव्याने सांगावयास नको. १८७५ साली सुपे येथे जो दंगा उसळला तो थोड्याच दिवसांत नगर जिल्ह्यात पसरला, व ज्या तालुक्यांत पसरला त्यांत पारनेर होते. त्या दंग्यात कुणब्यांचा मुख्य रोख सावकाराच्या रोकडीवर नव्हता, खतांवर व रोख्यांवर होता. ज्या कागदावर आपले नशीब लिहिलेले आहे तो कागद एकाच पक्षाच्या पेटीत असावा, हे त्यांस असह्य झाले होते. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, तेव्हा कुणब्याचा रोखा सरकारी नोंदणीकामगारापुढे लिहिला जावा अशी तजवीज त्यात करावी लागली. ह्याच तालुक्यातील राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईस उपोषणास बसले, तेही सरकारचे दप्तर रयतेस पाहावयास मिळावे म्हणूनच.

शस्त्र आणि वृत्तपत्र यांचा संबंधही जुनाच आहे. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी केली. दुसऱ्याने हिंदी माणसाच्या हातातील हत्यारास परवान्याची अट घातली आणि युरोपियनांस मात्र तीतून मोकळे ठेविले. पत्रांचा कायदा काही वर्षांतच रद्द झाला. हत्यारांचा कायदा १९५९ चा नवा कायदा अंमलात येईपर्यंत टिकला. प्रजेविषयीचा अविश्वास हे दोहोंचे मूळ होते. आज राज्य आपले आहे व कायदाही आपला आहे. मग शस्त्रधारी नागरिक व लेखणीधारी पत्रकर्ता यांनी एकमेकांस वैरी का समजावे?

सध्याची पद्धत अशी आहे. पारनेरच्या रहिवाशास पिस्तूल अथवा बंदूक हवी असल्यास त्याने अहिल्यानगरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा, त्यावर पोलिस ठाण्याचा अहवाल यावयाचा, आणि परवाना नाकारावयाचा तर सामान्यतः त्याची कारणे लेखी नोंदवावयाची. नाकारलेल्यास अपिलाचा मार्ग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास ठेवता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली व परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. प्रत्येक परवानाधारकाची नोंद देशव्यापी यादीत असून तीस स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे दप्तर नाही असे नाही. दप्तर पुरेपूर आहे. ते कोणी पाहावे एवढाच वाद आहे.

ह्या वादात कायद्याची दोन तोंडे दोन दिशांस आहेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की, सरकारी कचेरीने ज्यांस सवलती, परवाने अथवा अधिकारपत्रे दिली त्यांचा तपशील तिने आपण होऊन प्रसिद्ध करावा. आठवे कलम सांगते की, ज्या माहितीने कोणाच्या जिवास धोका पोचेल ती देण्याचे बंधन नाही; आणि खाजगी माहितीसही त्याच कलमात संरक्षण आहे. पूर्वी ह्या खाजगीपणास एक तारतम्य जोडलेले होते. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, व व्यापक लोकहितासाठी ती देणे योग्य आहे काय, हे अधिकाऱ्याने पाहावे असे त्या पोटकलमातच लिहिले होते. विधिमंडळास जी माहिती नाकारता येत नाही ती सामान्य माणसासही नाकारू नये, असेही एक वाक्य तेथे होते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे सर्व गाळले व ‘खाजगी माहिती’ एवढीच सबब पुरेशी ठरविली. लोकहित मोठे असल्यास माहिती देता येईल, ही सर्वसाधारण तरतूद त्याच कलमात अन्यत्र शिल्लक आहे खरी. परंतु कचेरीतील कारकून सोपा मार्ग कोणता पत्करील हे वाचकांस सांगणे नको.

दप्तर उघडल्याने काय होते हे बीड जिल्ह्याने दाखविले. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला, व त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने आहेत ही गोष्ट लोकांपुढे आली. हा आकडा छापण्यास कोणाच्या घराचा पत्ता लागला नाही. नुसत्या आकड्याने लोक विचारू लागले की, इतकी हत्यारे कोणास व कोणाच्या शिफारशीने मिळाली? मग तपासणी झाली व शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. जे काम वर्षानुवर्षे झाले नव्हते ते एका आकड्याने करविले.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. एका कुप्रसिद्ध टोळीप्रमुखाच्या भावास पोलिस आयुक्तांनी परवाना नाकारला असता, अपिलात गृहराज्यमंत्र्यांनी तो मंजूर केला, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये पत्रांनी उघडकीस आणले. पोलिसांनी परवाना प्रत्यक्ष हाती दिला नव्हता असे पुढे सांगण्यात आले. तथापि मंत्र्यांनी पोलिसांचा अभिप्राय का डावलला, हा प्रश्न त्याने मिटत नाही. असा निर्णय ‘खाजगी माहिती’ म्हणून झाकला जाऊ लागला, तर खाजगीपणाचे पांघरूण नागरिकाच्या अंगावर न राहता मंत्र्याच्या अंगावर जाईल.

आता दुसरी बाजू पाहू, कारण तीही तितकीच खरी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत कनेटिकट प्रांतातील एका शाळेत मुलांची भीषण हत्या झाली. त्यानंतर शेजारच्या न्यूयॉर्क प्रांतातील ‘जर्नल न्यूज’ ह्या पत्राने दोन परगण्यांतील पिस्तूलपरवाने घेतलेल्या लोकांची नावे व पत्ते नकाशावर मांडून प्रसिद्ध केले. दप्तर कायद्याने खुले होते, तेव्हा पत्राने चोरी केली नाही. परंतु त्या नकाशाने कोणता अन्याय उघड झाला? एकही नाही. कोणत्या घरात पिस्तूल आहे व कोणत्या घरात नाही, एवढे मात्र चोरास कळले. लोकक्षोभ इतका झाला की पत्राने चार आठवड्यांच्या आत नकाशा काढून टाकला. आणि जानेवारी २०१३ मध्ये प्रांताच्या नव्या कायद्याने परवानाधारकांस आपले नाव झाकून ठेवण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. पत्राच्या अविचाराने दप्तर उघडले नाही, उलट दाराला नवी कडी बसली. हा धडा आमच्या व्यवसायबंधूंनी विसरू नये.

आपल्याकडे परवाना घेणारे कोण असतात? पेढीवरून रात्री घरी परतणारा सराफ, मळ्यात एकट्याने वस्ती करणारा शेतकरी, पलटणीतून निवृत्त होऊन बँकेच्या दाराशी पहाऱ्यास उभा राहणारा जवान. ह्यांतील बहुतेकांनी कोणाचे वाईट केलेले नाही. अर्ज करताना आपणास कोणाचे भय आहे, कोणी धमकी दिली, पैसा कोणत्या वेळी कोणत्या वाटेने नेतो, हे त्यांनी सरकारास विश्वासाने सांगितलेले असते. ते छापणे म्हणजे माणसाचे भय बाजारात मांडणे होय. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो अशाच माणसांसाठी.

‘परवाना ही सरकारची मेहेरबानी आहे, ती घेतली की नावही दिले पाहिजे,’ असे कित्येक म्हणतात. ‘सरकारने पारखून दिलेल्या परवान्याविषयी लोकांनी विचारूच नये,’ असे दुसरे म्हणतात. आमच्या मते दोघेही अर्धेच पाहतात. परवान्यात दोन वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत : घेणाऱ्याचे घर आणि देणाऱ्याची सही. घर झाकलेले असावे; सही उघडी असावी.

म्हणून आमची सूचना अशी आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी दर वर्षी तालुकावार तक्ता प्रसिद्ध करावा : अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, कोणत्या प्रकारच्या कारणांसाठी, किती परवाने रद्द झाले, आणि पोलिसांचा प्रतिकूल अभिप्राय असताही किती दिले गेले. हा तक्ता मागावा लागू नये. चौथ्या कलमाचा आशय तोच आहे. नाव जाहीर करावयाचे ते तीनच प्रसंगी : परवानाधारक लोकांनी निवडलेला अथवा सरकारी पदावरचा असेल तर, पोलिसांचा विरोध डावलून वरून परवाना मिळाला असेल तर, आणि त्या शस्त्राचा दुरुपयोग होऊन न्यायालयात दोषारोप दाखल झाला असेल तर. घराचा पत्ता व भयाचे कारण मात्र कोणत्याही प्रसंगी छापू नये. जो गृहस्थ लग्नाच्या वरातीत पिस्तूल उपसून हवेत बार काढतो, त्याने आपली गुप्तता आपल्याच हाताने उधळलेली असते. २०१९ पासून असा बेफिकीर गोळीबार हा स्वतंत्र गुन्हाही आहे.

व्यापारी वर्गास आमची एक विनंती आहे. दप्तर बंद राहिल्याने आपण सुरक्षित राहू अशी समजूत करून घेऊ नये. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्निया प्रांताच्या न्यायखात्याच्याच हातून झाकून शस्त्र बाळगण्याचे परवाने असलेल्या हजारो लोकांची नावे व पत्ते फुटले. तेथे कोणा पत्रकर्त्याचा दोष नव्हता. आणि बंद दप्तरात सराफाचा परवाना जसा लपतो, तसाच त्याच्याकडून खंडणी मागणाऱ्या गुंडाचाही लपतो. त्या दोघांत भेद करावयाचा तर दिलेल्या परवान्यांचा जाब विचारणारा कोणी तरी बाहेर असलाच पाहिजे.

१८७५ साली पारनेरच्या रयतेने बंद पेटीतील कागद जाळले, कारण ते वाचण्याचा व तपासण्याचा मार्ग तिला नव्हता. आज तो मार्ग कायद्याने मिळालेला आहे. तो एका शब्दाच्या सबबीने बुजू न देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि त्या मार्गाने जाताना कोणाच्या घराचे दार न मोडणे हे आमचे.