मार्करची पहिली खरेदी

रेखाकलेची इंटरमीजिएट परीक्षा उतरलेला मुलगा घरीं मार्कर मागूं लागला, म्हणजे वडील मंडळींचें लक्ष प्रथम पेटीवरील आंकड्याकडे जातें. चोवीस रंग, साठ रंग, ऐशीं रंग! जितके रंग अधिक तितकें साहित्य उत्तम, हा हिशेब मार्करच्या बाबतींत बहुधा पैसे बुडवितो. त्याहून मोठें नुकसान पुढेंच असतें. चित्रांत पट्टे दिसूं लागतात, कडा फुटतात, आणि मुलाला वाटतें कीं आपल्या हातांतच कला नाहीं. खरें पाहतां दोष हाताचा नसून शाई व कागद यांचें न जुळल्याचा असतो.

मार्कर म्हणजे एक प्रकारची वातच होय. नळींत शाईनें भिजलेला बोळा असतो व तंतूंचें टोक ती शाई ओढून कागदावर आणतें. जपानांत युकिओ होरिए यांनीं १९६२ सालीं अशा टोकाची लेखणी सिद्ध केली. शाई कोणत्या द्रवांत कालविली आहे, हाच निवडीचा पहिला प्रश्न. घरोघरच्या स्केचपेनांत ती पाण्यांत असते. पहिला पट्टा वाळल्यावर दुसरा त्यावर चढला, कीं तेथें गडद रेघ उमटते. वारंवार घासल्यास कागदाचा भुगा निघतो. दुसऱ्या जातीची शाई अल्कोहोलांत असते. ती कागदांत मुरते, आणि ओली असेपर्यंत शेजारच्या पट्ट्यांत विरघळून मधली सीमा पुसून टाकते. आकाश, फळ, मुखवटा असे सपाट अथवा गोलाईचे भाग रंगवावयाचे असतील, तर हीच घ्यावी. अक्षरें व नक्षी यांना स्केचपेन पुरतो. दगड, लांकूड यांवर चालणारे ॲक्रिलिक मार्कर हा निराळाच विषय आहे.

आतां मुख्य गोष्ट. जलरंगांत पाणी वाढविलें कीं छटा फिकी होते. मार्करमध्यें ही सोय नाहीं. फिकी छटा हवी असेल तर फिका मार्करच हातीं असावा लागतो. कोणी म्हणेल, रंगहीन मार्कर मिळतो, त्यानें काम भागणार नाहीं काय? तो शाईला बाजूला ढकलतो. कडा मऊ करण्यास व चूक सावरण्यास उपयोगी आहे, पण पाण्याची जागा घेत नाहीं. मोठ्या स्वस्त पेट्यांत भडक रंगांची गर्दी असते आणि नेमक्या फिक्या छटा व करडे रंग थोडे असतात. म्हणून पहिल्या खरेदींत सुटे मार्कर घेणें बरें: करड्याच्या तीन छटा, निळ्याच्या तीन, मातकट रंगाच्या तीन, आणि एखादा फिका पिवळा. दहा मार्करांत एक वर्ष सहज शिकतां येतें.

छटा ओळखण्याची उत्तम सोय जपानच्या कॉपिक मार्करांत आहे. हे १९८७ पासून निघतात, व त्यांच्या स्केच या प्रकारांत ३५८ रंग आहेत. प्रत्येकावर अक्षर व अंक असतात. अक्षर रंगाचें कुळ सांगतें, पहिला अंक रंगाचा शुद्धपणा किंवा मळकटपणा, शेवटचा अंक फिकेपणा वा गडदपणा. बी २१, बी २४ व बी २८ हे एकाच निळ्या कुळांतील फिक्यापासून गडदापर्यंतचे टप्पे झाले. हे मार्कर महाग आहेत व नवशिक्यानें तेच घ्यावेत असें मुळींच नाहीं; परंतु दुसऱ्या कोणाचेही घेतांना टप्प्यांची ही रीत ध्यानांत ठेवावी. झांकणाच्या रंगावर मात्र विश्वास ठेवूं नये. आपल्याच कागदाचा तुकडा दुकानांत न्यावा आणि त्यावर पट्टा ओढून पाहावा.

कागदाकडे लोक शेवटीं वळतात, वळावें प्रथम. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा खरखरीत कागद शाई अधाशासारखी पितो, मार्कर लवकर संपतो व कडा पसरतात. जाड, गुळगुळीत कागद असल्यास दोन पट्टे एकमेकांत मिसळण्यास अवधि मिळतो. कागद कसाही असो, खालीं एक फालतू पान ठेवावें, नाहींतर मेजावर चित्राची दुसरी प्रत तयार होते! रंग नेहमीं फिक्याकडून गडदाकडे चढवावा. बाह्यरेषा बॉलपेननें काढूं नये, कारण त्याची शाई अल्कोहोलांत सुटते. रंगकणांच्या, न विरघळणाऱ्या शाईची बारीक लेखणी घ्यावी. खिडकी उघडी असावी, दिवा-निरांजन दूर असावें, आणि दुतोंडी मार्कर आडवे ठेवावेत, म्हणजे शाई एकाच टोकाकडे उतरत नाहीं.

अल्कोहोलच्या मार्करांतील रंग बहुधा विरघळणारे असल्यामुळें उन्हानें उडतात. मुलाचें चांगलें साधलेलें चित्र मोठ्या कौतुकानें खिडकीसमोर टांगलें जातें आणि त्यांतील गुलाबी रंग हळूहळू नाहींसा होतो. चित्राचें छायाचित्र घेऊन मूळ चित्र पाकिटांत ठेवावें. कोणता रंग किती टिकतो हें घरींच कळतें: सर्व मार्करांचे पट्टे एका कागदावर ओढावे, त्याचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्यानें झांकावा, कागद दोन महिने उन्हाच्या खिडकींत ठेवावा आणि मग पुठ्ठा उचलून दोन्ही भाग ताडून पाहावे.