मालिशीने दुखणे उतरते, ताकद मात्र वजनानेच परतते

जिममध्ये डेडलिफ्ट करताना मांडीच्या मागे चमक निघते किंवा बेंच प्रेसच्या शेवटच्या फेरीत खांदा धरतो. मग सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते, ‘गाठ आली आहे, जोरात दाबून मोकळी कर’. कोणी मसाज गन पुढे करते. घरी आंबेहळदीचा लेप तयार असतो आणि कुणाच्या तरी ओळखीचा ‘शीर बसवणारा’ही असतोच. आपल्याकडे तालमीत तेलमालिश हा मेहनतीचाच भाग मानला जातो. क्रीडावैद्यकात हाताने किंवा साधनाने केलेल्या अशा उपचारांना ‘सॉफ्ट टिश्यू थेरपी’ म्हणतात. तिचा उपयोग आहे, पण नेमका कशासाठी, हे वजन उचलणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे.

हाताच्या दाबाने काय होते?

स्नायू, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा म्हणजे टेंडन, हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध म्हणजे लिगामेंट आणि त्यांच्यावरची आवरणे, या सगळ्या मऊ ऊती. त्यांवर दाब पडला की त्वचेतील आणि स्नायूंतील चेतातंतूंमार्फत मेंदूकडे वेगळे संदेश जातात. दुखण्याची जाणीव कमी होते, आखडलेला स्नायू सैलावतो आणि सांधा थोडा अधिक फिरतो. फोम रोलरनेही हेच होते. मात्र हा परिणाम काही मिनिटे, फार तर काही तास टिकतो.

‘आतल्या गाठी फुटतात’ हा समज मात्र खरा नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे जाड आवरण इतके चिवट असते, की हाताच्या दाबाने ते ताणले जात नाही. ‘साठलेले लॅक्टिक ॲसिड निघून जाते’ हेही चूक. ते व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकते, ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे. मालिशीने हा ठणका थोडा कमी होतो, ताकद वाढत नाही.

जखम भरते कशी?

स्नायू किंवा कंडरा दुखावली की पहिले दोन-तीन दिवस दाह असतो. सूज येते, जागा गरम लागते. त्यानंतर काही आठवडे नवे कोलॅजन तयार होते, पण त्याचे धागे अस्ताव्यस्त असतात. पुढे कित्येक महिने हे धागे ताणाच्या दिशेने रचले जातात आणि मजबूत होतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने तिला जास्त वेळ लागतो.

ताण कोणत्या दिशेने येतो, हे त्या धाग्यांना वजनाखेरीज दुसरे कोण सांगणार? म्हणूनच मोजून-मापून दिलेला भार हा दुरुस्तीचा मुख्य उपचार ठरतो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये टाचेच्या कंडरेचे जुने दुखणे असलेल्या १५ धावपटूंना टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला. तो रोज १८० वेळा, १२ आठवडे करायचा होता. पंधराही जण पुन्हा धावू लागले. कंडरेच्या दुखण्यात विश्रांतीपेक्षा भाराकडे पाहण्याची दृष्टी तेव्हापासून रुजली.

मग मालिशीची जागा कोणती?

व्यायामाच्या आधी. दुखणे उतरल्यावर जी तास-दोन तासांची सवड मिळते, तिच्यात व्यायाम करायचा. सुरुवात हलक्या वजनाने आणि सावकाश हालचालीने करावी. दुखणे दहापैकी तीन-चारच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पहिल्यासारखे झाले, तर भार योग्य आहे. सकाळी वाढलेले असेल, तर एक पायरी खाली यावे. नुसतीच मालिश घेत महिनाभर वजनाला हात लावला नाही, तर स्नायू अशक्त होतो आणि परतल्यावर पुन्हा तीच जागा धरते.

ताज्या दुखापतीवर पहिले काही दिवस जोरात चोळू नये. आत रक्तस्राव चालू असेल तर तो वाढतो. मांडीला जोराचा मुका मार लागल्यावर तिथे रगडत राहिल्यास स्नायूत हाड तयार होण्याचा धोकाही वाढतो. मानेच्या पुढच्या बाजूला मसाज गन लावू नये.

इथे चोळायचे नाही, रुग्णालयात जायचे

काही दुखापतींत दवडलेले दिवस महागात पडतात. वजन उचलताना ‘टप’ असा आवाज आला, कोपराच्या पुढे किंवा छातीजवळ काळेनिळे पडले, स्नायूचा आकार बदलला आणि ताकद एकदम गेली, तर कंडरा तुटली असण्याची शक्यता असते. दंडाच्या स्नायूची कोपराजवळची कंडरा तुटल्यास शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते. नंतर ती मागे सरकते व आकसते. हेच आठवडे अनेकदा ‘लचक आहे, उतरेल’ म्हणत चोळण्यात जातात.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण एका किलोने हुकले. १३९ किलोच्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली होती आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. इतक्या तयारीच्या खेळाडूचीही प्रत्येक दुखापत मालिशीने बरी होणारी नसते.

आणखी काही खुणा लक्षात ठेवाव्यात. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळणे जिवावर बेतू शकते. अतिव्यायामानंतर लघवी कोकम सरबतासारखी गडद झाली, तर मूत्रपिंडाला धोका आहे. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरता आली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

डॉक्टरांना दोन गोष्टी न लपवता सांगाव्यात. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. ती आपल्याकडे अनेक जण स्वतःच्या मनाने घेतात. दुसरी गोष्ट म्हणजे जिममधून मिळणारी स्टिरॉइडची इंजेक्शने. त्यांनी स्नायू झपाट्याने फुगतो, पण कंडरा त्या वेगाने मजबूत होत नाही.

मालिश करणाऱ्याला, फिजिओथेरपिस्टला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘यानंतर मी कोणता व्यायाम, किती वजनाने करायचा?’ उत्तर मिळाले, तर उपचार योग्य दिशेने चालला आहे. ‘अजून दहा वेळा मालिशीला या’ एवढेच उत्तर असेल, तर दुसरा दरवाजा शोधलेला बरा.