अपाची सुरूच होत नाहीये? झॅम्प उडवण्याआधी ८० नंबरच्या पोर्टवर कोण बसलंय ते बघा!

उद्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचंय. रात्रीचे अकरा वाजलेत. झॅम्पमध्ये अपाचीसमोरचं स्टार्ट बटण दाबलं, तर हिरव्या रंगाऐवजी खाली लाल अक्षरांची रांग! अशा वेळी बरेच जण घाबरून झॅम्प काढून टाकतात आणि नव्याने टाकतात. कृपा करून हे करू नका. घाईत उडवलेल्या त्या फोल्डरमध्येच तुमचा कोड असतो आणि डेटाबेसही. शिवाय एवढं करूनही अपाची पुन्हा रुसूनच बसतो, कारण पुष्कळदा बिघाड झॅम्पमध्ये नसतोच.

मग भानगड काय असते?

कॉम्प्युटरवर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम नेटवर्कशी बोलत असतात. आलेला निरोप नेमका कोणाचा हे कळावं म्हणून पोर्ट नंबर असतात, ० ते ६५५३५. साध्या वेबसाइटचा ठरलेला नंबर ८०, एचटीटीपीएसचा ४४३. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच हे. एका प्रोग्रॅमने ८० वर रुमाल टाकला की दुसऱ्याला तिथे बसता येत नाही. आणि अपाची काही उभ्याने प्रवास करत नाही, सरळ उतरून जातो!

तेव्हा आधी रुमाल कोणाचा ते शोधायचं. झॅम्पच्या कंट्रोल पॅनलमध्ये उजवीकडे नेटस्टॅट नावाचं बटण आहे. ते दाबलं की कुठल्या पोर्टवर कोण बसलंय याची यादी येते. त्यात ८० शोधा. त्याच ओळीत प्रोग्रॅमचं नाव आणि पीआयडी, म्हणजे विंडोजने त्याला दिलेला क्रमांक, दिसेल. झॅम्प वापरत नसाल तर विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नेटवर्क टॅबखाली 'लिसनिंग पोर्ट्स' बघा.

ओळखीचा प्रोग्रॅम असेल तर तो बंद करा, काम झालं. एकेकाळी स्काइप यासाठी चांगलंच बदनाम होतं. पण पीआयडी ४ आणि नाव 'सिस्टीम' दिसलं तर टास्क मॅनेजरमधून ते मारायच्या भानगडीत पडू नका, तो विंडोजचाच गाभा आहे. त्याच्या आडून बहुधा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वेब सर्व्हर, आयआयएस, चालू असतो. विंडोजच्या सर्व्हिसेस उघडा, 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' शोधून स्टॉप करा आणि स्टार्टअप टाइप 'मॅन्युअल' ठेवा. नाहीतर लॅपटॉप पुन्हा सुरू केला की तोच रुमाल तिथेच!

ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि काही बंद करायची परवानगी नसेल, तर आपणच दुसरी जागा धरायची. अपाचीसमोरच्या कॉन्फिग बटणातून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ ही फाइल उघडा. 'लिसन ८०' च्या जागी 'लिसन ८०८०' करा आणि 'सर्व्हरनेम लोकलहोस्ट' पुढचा ८० सुद्धा बदला. (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे!) भांडण ४४३ वरून असेल तर असाच बदल एचटीटीपीडी-एसएसएल या फाइलमध्ये.

आता ब्राउझरमध्ये नुसतं लोकलहोस्ट लिहून चालणार नाही. त्यापुढे कोलन देऊन ८०८० लिहायचं. पीएचपीमायअॅडमिन उघडतानाही तसंच. इथे फार जण फसतात. सर्व्हर बिचारा व्यवस्थित चालू असतो आणि आपण जुन्याच दारावर टकटक करत बसतो.

लिनक्स वापरणाऱ्यांचा रुमाल मात्र बऱ्याचदा त्यांचा स्वतःचाच असतो. टर्मिनलमध्ये सर्व्हर थांबवायला कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबलं की तो बंद होत नाही, नुसता गोठतो आणि पोर्ट धरूनच ठेवतो. त्याच टर्मिनलमध्ये एफजी लिहून एंटर करा, तो परत समोर येईल. मग कंट्रोल-सी.