सायकल फेरी : रस्ता आणि वस्ती

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी गोदावरीच्या पलीकडून सायकलस्वारांची एक फेरी आमच्या वस्तीत आली. शंभर-सव्वाशे जण असावेत. सर्वांच्या अंगात एकाच रंगाचे बनियन, डोक्यावर हेल्मेट, आणि सायकली अशा की एकेकीच्या किमतीत आपल्याकडे मोटारसायकल यावी. पुढे स्वच्छतेच्या घोषणांचे फलक होते. हेतू चांगला होता, यात शंका नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. परंतु फेरी अखंड पुढे जावी म्हणून स्वयंसेवकांनी दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांची तोंडे अडवून धरली. त्यात दूधवाला अडकला आणि महापालिकेच्या ड्युटीवर निघालेले आपले सफाई कामगार बांधवही पंधरा-वीस मिनिटे अडकून पडले. शहर झाडायला निघालेली माणसे स्वच्छतेच्या फेरीसाठी थांबवून ठेवली गेली!

नळावर उभ्या असलेल्या एका आजींनी जवळच्या तरुणाला विचारले, "बाळा, आम्ही घाण करतो असं कुणी सांगितलं रे तुम्हाला?" तो हसला आणि त्याने आजींचा फोटो काढला. दोन दिवसांनी तो फोटो मोबाईलवरून फिरत आमच्याकडे परत आला. खाली लिहिले होते, 'झोपडपट्टीत जनजागृती'. आमच्या वस्तीत पक्की घरे होऊन तीस वर्षे झाली.

पुढे त्याच मंडळींकडून आपल्या संस्थेला निरोप आला की २ मार्चला, काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, दोघांनी मिळून सायकल फेरी काढावी. बैठकीत सरळ दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे, येत आहेत तर येऊ द्या, ओळखी वाढतील. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, एकदा पाहिले तेवढे पुरे. चर्चा लांबली तेव्हा या विषयावर स्मरणिकेत सविस्तर लिहावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की, हा वाद आपल्या आधी अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांत पुष्कळ झालेला आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती विद्यापीठाला लागूनच आहे. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तिकडचा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही.

सायकलीपुरते बोलायचे तर सुरुवात मेजर टेलरपासून करावी लागेल. १८७८ साली इंडियानापोलिस येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा १८९९ साली मॉन्ट्रियलला सायकल शर्यतीचा जगज्जेता झाला. पण त्याच्या आधीच, १८९४ साली, अमेरिकेतील सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी ठेवण्याचा नियम केला होता. म्हणजे जगज्जेता व्हायला हरकत नव्हती, सभासद व्हायला होती. तो नियम रीतसर रद्द झाला १९९९ साली! टेलर १९३२ साली शिकागोत गरिबीत वारला.

वस्त्या वेगळ्या का पडल्या, हेही पाहिले पाहिजे. १९३० नंतरच्या दशकात तिकडच्या सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या. लाल भागात कर्ज देणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ. बँकेत काम करणाऱ्याला यातले मर्म लगेच समजते. कर्ज नाही म्हणजे दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणजे घराला किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही. घरांच्या बाबतीतला वर्णभेद कायद्याने बंद झाला १९६८ साली. पण तोपर्यंत दोन पिढ्या त्या लाल रेषेच्या आत राहून गेल्या होत्या.

पोर्टलंड शहरातील अल्बिना हा असाच भाग. आधी क्रीडागृहासाठी, मग महामार्गासाठी, नंतर रुग्णालयाच्या वाढीसाठी येथील शेकडो घरे पाडली गेली. उरलेल्या वस्तीतून नॉर्थ विल्यम्स नावाचा रस्ता जातो. भाडी स्वस्त म्हणून पुढे गोरी तरुण मंडळी तेथे राहायला आली, सायकलींची वर्दळ वाढली, आणि २०११ साली नगरपालिकेने सायकलींसाठी रुंद पट्टा आखण्याचा विचार सुरू केला. विचारविनिमयासाठी समिती नेमली, तीत बहुतेक गोरेच. तेव्हा जुन्या रहिवाशांनी जो आक्षेप घेतला तो सायकलींवर नव्हताच. आमची मुले हाच रस्ता ओलांडत होती तेव्हा सुरक्षिततेची आठवण कोणाला झाली नाही, आता तुम्ही राहायला आलात म्हणून ती झाली, असा त्याचा आशय होता. सायकलचा पट्टा आखला गेला की मागोमाग भाडेवाढ येते आणि आपण उठवले जातो, हे त्यांनी पाहिलेले होते. समितीला शेवटी आराखडा बाजूला ठेवून आधी वंशभेदावर बोलावे लागले. सभासद वाढवले, बैठका लांबल्या, आणि त्यानंतर रस्ता झाला. पुढे त्याच रस्त्यावर कृष्णवर्णीय वस्तीचा इतिहास सांगणारी चित्रे आणि फलकही लागले. मला वाटते, त्या लांबलेल्या बैठका रस्त्याइतक्याच मोलाच्या होत्या.

दुसरी गोष्ट पोलिसांची. फ्लोरिडातील टँपा शहरात तीन वर्षांत पोलिसांनी सायकलस्वारांना सुमारे अडीच हजार दंडाच्या पावत्या दिल्या, असे तेथील वृत्तपत्राने २०१५ साली उघडकीस आणले. दिवा नाही, डबलसीट बसवले, असले किरकोळ गुन्हे. दर दहा पावत्यांपैकी आठ कृष्णवर्णीयांना, आणि शहरात त्यांची लोकसंख्या जेमतेम चौथा हिस्सा. सिएटल शहर ज्या किंग परगण्यात येते तेथे हेल्मेटची सक्ती होती. दंड मात्र कृष्णवर्णीयांना त्यांच्या प्रमाणाच्या कितीतरी पटीने होतो असे दिसल्यावर २०२२ साली ती सक्तीच मागे घेतली गेली. हेल्मेट वाईट म्हणून नव्हे. आता कल्पना करा, एकट्या कृष्णवर्णीय मुलाला सायकलवरून उतरवून झडती घेतली जाते आणि रविवारी त्याच रस्त्यावरून शेकडो गोरे सायकलस्वार चौक अडवून मजेत जातात. त्या मुलाच्या घरच्यांना फेरी पाहून काय वाटत असेल?

आपल्या देशातही सायकलीला जात चिकटलेली आहे. तामिळनाडूतील कित्येक गावांत सवर्णांच्या गल्लीतून जाताना दलिताने सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी, असा दंडक होता. उत्तरेत नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याच्या बातम्या आजही आपण वाचतो. संसदेने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तीत सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अडवणे हा गुन्हा ठरवला आहे. विद्यार्थ्यांनी हे कलम मुळातून वाचावे. सायकल हा शब्द कायद्यात लिहावा लागला, यावरूनच काय ते समजावे.

याच सायकलीचा दुसरा उपयोग कांशीराम यांनी दाखवला. पुण्यात नोकरी करत असताना ते चळवळीत आले. १९८३ साली त्यांच्या डी-एस-फोर संघटनेचे सुमारे शंभर सायकलस्वार दिल्लीहून निघाले आणि चाळीस दिवस सात राज्यांतून फिरले. मोटारीने गेले असते तर वस्त्यांच्या बाहेरूनच गेले असते. सायकलवाला दमतो, पाणी मागतो, ओट्यावर बसतो, आणि बसला की बोलणे निघते. अमेरिकेतही पुढे कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या फेऱ्या सुरू केल्या. शिकागोत २०१४ पासून अशा फेऱ्या निघू लागल्या आणि त्या त्यांच्याच दक्षिण व पश्चिम भागांतून नेल्या गेल्या. यजमान वस्तीतलेच असतात, बाहेरचे येतात ते पाहुणे म्हणून. फरक एवढाच, पण त्याने सगळे बदलते.

आता आपल्या पंचवटीकडे येऊ. बैठकीत एका तरुण मित्राने अडचणीचा प्रश्न विचारला होता. "१९३० साली आपली माणसं कोणाला विचारून काळारामाकडे गेली होती? मग आज ह्यांनी आपल्याला का विचारायचं?" प्रश्न टाळण्याजोगा नाही.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली निघालेली मिरवणूक सुमारे पंधरा हजारांची होती. अग्रभागी वाद्यवृंद, मागे बालवीर, त्यांच्या मागे सुमारे पाचशे स्त्रिया, मग शिस्तीत चालणारे पुरुष. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीतील १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया मंदिराच्या चार दरवाजांपाशी बसल्या. ९ एप्रिलला रथोत्सव होता. दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झाली होती. परंतु आपल्या माणसांचा हात दोराला लागण्याआधीच रथ अरुंद वाटेने पळवला गेला आणि दगडांचा वर्षाव झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लढा पुढे काही वर्षे चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली, तोवर दार उघडलेले नव्हते.

त्या मिरवणुकीने परवानगी मागितली नाही, कारण ती जे मागत होती ते कोणाच्या परवानगीचे नव्हतेच. आणि हेच तत्त्व आज आपल्यालाही लागू आहे, हे वडीलधाऱ्यांनी राग न मानता ऐकावे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. ते कलम आपल्यासाठी आणि बाबासाहेबांच्या हयातीत आले. वस्तीतला रस्ता सार्वजनिक आहे. तेथून कोणी सायकलने जावे आणि कोणी जाऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार आपल्यालाही नाही. अडवणूक करणाऱ्यांची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही.

पण रस्त्याने जाणे वेगळे आणि फेरी काढणे वेगळे. एकटा सायकलस्वार रस्ता वापरतो. फेरी रस्ता काही काळ ताब्यात घेते, फलकांवरून काही सांगते, फोटो काढते आणि निघून जाते. सत्याग्रहींना बंद दरवाजाच्या आतल्या माणसांचे कपडे, घरे, सवयी यांच्याबद्दल काही सांगायचे नव्हते. त्यांना आत जायचे होते. त्या रविवारची फेरी आम्हाला आमच्याविषयी सांगायला आली होती, तेही आमच्याशी एक शब्द न बोलता. सांगायचे असेल तर आधी विचारावे लागते. फोटो काढायचा असेल तर "आजी, काढू का?" एवढे तरी म्हणावे लागते.

ओघात आलेच आहे तर एक कबुली देतो. १४ एप्रिलला आपले काही तरुण सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली घेऊन रात्री अकरा वाजता दुसऱ्यांच्या गल्ल्यांतून जातात. त्या गल्ल्यांतही आजारी माणसे असतात, वार्षिक परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात. "त्यांच्या मिरवणुका चालतात, मग आमचीच का नको," हे उत्तर मी ऐकले आहे आणि त्यात तथ्यही आहे. तरी ज्या मापाने आपण सायकलवाल्यांना मोजले, ते माप आपल्या दाराशीही आणून ठेवावे लागेल.

नाशिकला सायकलीचे वेड आहे आणि ते चांगले आहे. येथील डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आरपार सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनीही भाड्याच्या सायकलींवर आपापसात शर्यती लावल्या होत्या. त्या पोरांना त्या महागड्या सायकलींवर एकदा बसायचे आहे, ही खरी गोष्ट आहे. पलीकडच्या मंडळींनी ती ओळखली असती तर फलकांची गरजच पडली नसती.

शेवटी मागच्या महिन्यात त्यांच्यातील तिघे बैठकीला आले. त्यांना तो फोटो दाखवला. एकाने तो आधी पाहिलेला होता, पण खालच्या ओळीत काही वावगे आहे हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्या आजी कुठे राहतात, असे त्याने विचारले. बैठक संपल्यावर आमच्यातील दोघे त्याला त्यांच्या घरी घेऊन गेले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. चहा झाला एवढे समजले.

२ मार्चची फेरी निघणार आहे. सुरुवात वस्तीतील विहारापासून सकाळी साडेसहाला, म्हणजे ड्युटीवाल्यांचा खोळंबा होणार नाही. पुढे वस्तीतल्या मुली राहतील. काळारामाच्या पूर्व दरवाजापाशी सर्वांनी उतरायचे, सत्याग्रहाची माहिती आपले विद्यार्थी सांगतील, मग रामकुंडावरून त्रिरश्मी लेण्यांकडे. चौक कोणी अडवायचा नाही, सिग्नलला थांबायचे. फलक एकच, त्यावर फक्त तारीख. पलीकडच्या मंडळींनी वीस सायकली जास्तीच्या आणायचे कबूल केले आहे. ज्या विद्यार्थ्यांना त्या हव्या असतील त्यांनी आपली नावे संस्थेच्या कार्यालयात फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत द्यावीत. ब्रेक आधी तपासून घ्यावेत, कारण त्या सायकलींचे ब्रेक फार जोरात लागतात.