उभ्या गाडीची जयणा

चातुर्मास आला की श्रावकाच्या घराची गती आपोआप मंदावते. साधू-साध्वीजींचा विहार थांबतो आणि गृहस्थही दिग्व्रताचे स्मरण करून आपल्या प्रवासाला मर्यादा घालतात. मानवतसारख्या गावी त्या सुमारास कापसाचा हंगाम सरलेला असतो व बाजार समितीतील वर्दळ ओसरलेली असते. मंदिर, स्थानक आणि दुकान ही सारी ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने, उन्हाळ्यात लग्नकार्यासाठी, कचनेर-कुंथलगिरीच्या यात्रेसाठी धावलेली घरची मोठी गाडी अंगणात उभी राहते. ती विश्रांती घेत आहे, असा सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात ती विश्रांती घेत नाही. पर्युषण उलटून गेल्यावर एखाद्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत कळ येते, तातडीने परभणी गाठायची असते आणि लाखो रुपयांची ती गाडी दारसुद्धा उघडू देत नाही, तेव्हा हा समज किती महाग पडतो ते कळते.

उभी असूनही जागी

शिसे आणि आम्ल यांवर चालणारी बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ आला आणि हँडल मारण्याचे कष्ट संपले. सोलापूरच्या जैन कुळात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्या कारखान्याच्या गाड्या महाराष्ट्रातील अनेक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या. त्या गाड्यांत बॅटरीचे काम सेल्फ, दिवे, भोंगा एवढ्यापुरतेच होते. किल्ली काढली की वीज जवळजवळ थांबत असे आणि बॅटरी उतरलीच तर चार माणसांच्या धक्क्याने इंजिन सुरू होई.

आजच्या आलिशान एसयूव्हीत कित्येक लहान संगणक असतात. कुलूप लावल्यावर ते एकदम बंद होत नाहीत. काही मिनिटांनी एकेक करून झोपी जातात. त्यानंतरही चोरीची सूचना देणारी यंत्रणा, किल्लीची चाहूल घेणारा ग्राहक आणि मोबाइलशी जोडलेले उपकरण थोडी थोडी वीज घेतच राहतात. निरोगी गाडीत हा प्रवाह साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. तो नगण्य वाटला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास याप्रमाणे महिन्याला ३६ होतात, म्हणजे ७० अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात निम्मी रिकामी होते. त्यात गाडी उभी असतानाही चित्रण करणारा डॅशकॅम जोडलेला असेल आणि एकूण प्रवाह ३०० मिलिअँपिअरवर गेला, तर तेवढीच वीज पाच दिवसांत संपते. चार महिन्यांचा चातुर्मास कोणतीही बॅटरी अशा रीतीने पार करू शकत नाही.

काचेवर चिकटवलेल्या फास्टॅगवर मात्र अनेकदा विनाकारण संशय घेतला जातो. तो गाडीच्या बॅटरीतून वीज घेत नाही. नाक्यावरील यंत्राच्या लहरींवरच त्याचे काम भागते.

उन्हाळ्यातील घाव, पावसाळ्यातील परिणाम

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. मराठवाड्यातील वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात आतील रासायनिक झीज वेगाने होते. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की ही झीज ढोबळमानाने दुप्पट होते. घाव उन्हाळ्यात बसतो, पण लक्षात येतो तो पुढे, गाडी उभी राहिल्यावर. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कठीण थर जमतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वपदाला येत नाही.

रोज दहा मिनिटे गाडी जागेवर सुरू ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने बॅटरी फारशी भरत नाही. डिझेल मात्र जळते, अंगणात धूर होतो आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या जाळीत काजळी साचते. हेतू साधत नाही आणि हिंसा घडते, अशा कृतीला शास्त्राने अनर्थदंड म्हटले आहे. त्यातील प्रमादचर्या हा प्रकार तर निष्काळजीपणाने होणाऱ्या अशाच व्यर्थ आरंभाचा आहे.

विजेवर चालणाऱ्या वा हायब्रिड गाडीचे मालक या चिंतेतून मुक्त आहेत, असेही नाही. चाके फिरवणारी मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिचे दार उघडणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत लहान १२ व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून असते. ती उतरली की मोठा साठा असूनही गाडी हलत नाही.

जयणेचे उपाय

पहिला उपाय मोजण्याचा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टीमीटरने पाहावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. १२ च्या खाली गेली तर विलंब नको. गावातील कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन हे दोन मिनिटांत सांगू शकतो.

दुसरा उपाय अनावश्यक ओझे कमी करण्याचा. डॅशकॅम व बाहेरून बसवलेली उपकरणे काढून ठेवावीत. स्पर्शाविना चालणारी किल्ली गाडीपासून दूर, घराच्या आतील खोलीत ठेवावी. ती जवळ असली की काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

तिसरा उपाय, गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर स्वयंचलित चार्जरचा. बॅटरी भरली की तो आपोआप प्रवाह रोखून धरतो. ते शक्य नसेल तर आठवड्यातून एकदा, ज्या कामाला जायचेच आहे त्याच कामासाठी, अर्धा-पाऊण तास गाडी सलग चालवावी.

तरीही बॅटरी उतरलीच, तर किल्लीच्या आत लपवलेली लहान धातूची किल्ली काढून दार उघडावे. ही सोय बहुतेक गाड्यांत असते, पण घरातील सर्वांना ती आधीच दाखवून ठेवलेली बरी. स्वयंचलित गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. जंपर केबल लावताना लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना लावावेत. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकापासून उतरलेल्या गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागापर्यंत न्यावी; शेवटची जोडणी बॅटरीजवळ केल्यास ठिणगीने तेथील वायू पेटण्याचा धोका असतो. मालट्रक आणि बसची विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते. जिनिंगच्या आवारातून असा ट्रक आणून एसयूव्हीला जोडल्यास बॅटरीबरोबर तिचे संगणकही जळू शकतात.

बॅटरी बदलताना मूळ प्रकाराचीच घ्यावी. सिग्नलवर आपोआप थांबणाऱ्या-सुरू होणाऱ्या गाड्यांत अनेकदा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तेथे साधी स्वस्त बॅटरी फार काळ टिकत नाही. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करून द्यावी लागते.

जुनी बॅटरी कोठे जाते?

शेवटचा प्रश्न श्रावकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. शिशाच्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे व त्याच्या संयुगांचा असतो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती फेरीवाल्या भंगारवाल्याला दिली, तर कोठेतरी उघड्यावर ती फोडली जाते, आम्ल मातीत मुरते आणि शिसे वितळवणाऱ्या मजुराच्या व त्याच्या मुलांच्या शरीरात विष जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम कायमचा होतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे सोपवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे जमा करून पावती घेणे, हा त्याचा सोपा मार्ग होय.

चातुर्मासापूर्वी घरोघरी अनेक नियमांची यादी होते: हिरव्या भाजीचा त्याग, रात्रिभोजनाचा त्याग, प्रवासाची मर्यादा. त्याच दिवशी बॅटरीचा व्होल्ट मोजावा, डॅशकॅमची वायर सोडवावी आणि लहान किल्ली कोठे आहे ते घरातील सर्वांना सांगावे. एवढे केले की मर्यादेत राहणारी गाडी गरजेच्या रात्री साथ देईल आणि तिच्यामुळे अजाणता होणारी हिंसाही कमी होईल.